बायकोने सांगितलं त्यानंतर

हे तिला विचारून लिहितोय. आधी लिहून तिला वाचायला दिलं, तिने काही भाग काढायला लावला तो काढला, एके ठिकाणी म्हणाली हे असं नव्हतं झालं, ते दुरुस्त केलं. नावं कुणाचीच नाहीत, गावाचं पण नाही. घरातली गोष्ट चारचौघात कशाला असं कुणाला वाटेल, तर मला त्या वेळी असं काहीतरी वाचायला हवं होतं आणि मराठीत काही सापडेना म्हणून. इंग्रजीत ढीगभर आहे, पण त्यात सासूबाई नसतात, भाऊबीज नसते, आणि लग्नाच्या हॉलमध्ये "मामांच्या पाया पड की गं" म्हणून पाठीला हात लावून पुढे ढकलणारी मावशी तर अजिबात नसते.

आम्ही पुण्यात, सासूबाई साताऱ्यात, आणि बायकोचं आजोळ म्हणजे सासूबाईंचं माहेर सांगलीच्या बाजूला एका गावात. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, सासरे नाहीत, त्यामुळे दर मे महिन्यात त्या माहेरी जाऊन राहतात. त्या वर्षी त्यांचा फोन आला की यंदा नातीला पण नेते, दुसरीत गेली आता, विहीर बघेल, आंबे खाईल, पोरांना गाव कळायला पाहिजे. बायकोने "नाही" म्हणलं. नाही म्हणजे कसं, कारण नाही, "बघू" नाही, फोन कट. मला वाटलं दोघींचं आधीचं काहीतरी बिनसलं असेल, मायलेकींचं चालूच असतं.

त्याच आठवड्यात आम्ही महिन्याचा किराणा घेऊन आलो, पोरगी शेजाऱ्यांकडे होती. पार्किंगमध्ये गाडी लावली, बंद केली, तर ही उतरेचना. सीटबेल्ट पण काढला नाही. समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागली. तिने काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही, एक तर ते तिचं आहे, आणि खरं सांगायचं तर सगळं मला अजूनही माहीत नाही. एवढं कळलं की तिचा मामा, ती सात-आठ वर्षांची असल्यापासून, मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत, दोन-तीन वर्षं. पुढे ती दहावीपर्यंत काही ना काही निमित्त काढून जायचं टाळायची. आजीला वाटायचं पोरगी शहरात शिकली आणि शेफारली.

माझे हात स्टिअरिंगवरच होते. मी विचारलं, हात धरू का तुझा? ती म्हणाली, नको, आत्ता नको. बरं म्हणलं. मग म्हणलं, बरं केलंस सांगितलंस, माझा विश्वास आहे तुझ्यावर. यापेक्षा जास्त काही सुचलं नाही आणि नाही सुचलं तेच बरं, कारण ती थांबून थांबून बोलत होती आणि मध्ये मोठमोठी गॅप येत होती, त्या गॅपमध्ये मला शंभर प्रश्न होते. कधी, कुठे, घरात कुणी नव्हतं का, किती वेळा. एकही प्रश्न तिच्यासाठी नव्हता, सगळे माझ्या डोक्यातलं चित्र पूर्ण करायला होते. तेवढ्यात वॉचमन आला, काचेवर टकटक, "साहेब, गाडी जरा पुढं घ्या, टँकर यायचाय." गाडी पुढे घेतली. परत बंद केली. मग तिने ते दुसरं सांगितलं, की मी तेव्हा आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, मामा आहे तो तुझा, लाड करतो, काहीतरी बोलू नकोस.

मला आजही कुणी विचारलं की त्या दिवशीचं सगळ्यात जड काय होतं, तर हे. मामाचं ऐकताना राग आला, तो कळण्यासारखा होता. सासूबाईंचं ऐकल्यावर नेमकं काय वाटलं ते सांगता येत नाही, कारण त्या बाईंनी माझ्या मुलीला पहिले तीन महिने तेल लावून अंघोळ घातलेली आहे.

रात्री पोरगी झोपल्यावर मी म्हणलं उद्याच गावाला जातो. काय करणार होतो देव जाणे, सत्तरीला आलेला माणूस, त्याला काय मारणार होतो. ती शांतपणे म्हणाली, "तू काहीतरी करावंस म्हणून नाही सांगितलं मी. एकटीने सांभाळून सांभाळून कंटाळा आला, म्हणून सांगितलं." मग तिने स्पष्ट सांगून टाकलं की माझ्या परवानगीशिवाय कुणालाही, म्हणजे तुझ्या आईला पण, काही सांगायचं नाही, आणि मला सारखं "बरी आहेस ना" विचारायचं नाही. या अटी मी पाळल्या. पहिली सोपी नव्हती, आमच्या घरात सगळं सगळ्यांना माहीत असतं, माझ्या आईला तर आमच्या फ्रीजमध्ये काय आहे ते पण फोनवरून कळतं. पण दुसरी त्याहून अवघड होती. चहा देताना, भांडी लावताना, मी चोरून तिच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि तिला बरोबर कळायचं.

लोकांचा, म्हणजे ज्यांना नंतर कळलं त्यांचा, ठरलेला प्रश्न असतो की मग इतकी वर्षं का नाही बोलली, आत्ताच का. अहो, बोलली होती ना. नवव्या वर्षी बोलली होती, तेव्हा गप्प केली. आणि आत्ताच का, तर मुलगी त्या वयाची झाली आणि तिला त्याच घरी न्यायची गोष्ट निघाली. पुढे काउन्सेलरने पण सांगितलं की हे खूप जणांचं असंच होतं, स्वतःचं मूल त्या वयाला आलं की, किंवा बाळंतपणात, किंवा तो माणूस वारला आणि सगळे त्याचं गुणगान करायला लागले की मग आतलं वर येतं. तीस वर्षं विसरलेलं नसतंच काही. दिवसभराची कामं असतात म्हणून माणूस चालत राहतो.

आता मी कुणाशी बोलायचं हा प्रश्न होता. शब्द दिलेला, आणि झोप तर लागेना. शेवटी टेलिमानसला फोन केला, १४४१६. ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. नाव-गाव न सांगता बोललो. सोसायटीच्या टेरेसवर पाण्याच्या टाकीमागे उभा राहून. पलीकडे कुणीतरी तरुण मुलगी असावी आवाजावरून, तिने मला विचारलं की तुमच्या पत्नी आत्ता सुरक्षित आहेत का, त्यांच्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का, ते तुम्ही त्यांना सरळ विचारलंय का. मी म्हणलं असं कसं विचारणार, नसेल मनात तर यायचं. ती म्हणाली विचारल्याने विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. दुसऱ्या दिवशी विचारलं. बायको म्हणाली, नाही, पण कॉलेजला असताना यायचे. हे पण मला नवीनच. आमचं लव्ह मॅरेज आहे, त्या कॉलेजमध्ये मी पण होतो.

काउन्सेलर शोधणं हा एक वेगळाच उद्योग. पहिल्या बाईंचं नाव ओळखीतून आलं होतं, वेबसाइट चकाचक. त्यांनी पहिल्याच सेशनला हिला सांगितलं की मामांना एक माफीचं पत्र लिहा, म्हणजे मी तुम्हाला माफ केलं असं, पाठवायचं नाही, फक्त लिहायचं, त्याने मोकळं वाटेल. आणि पुढच्या वेळी मिस्टरांना पण घेऊन या. ही बाहेर आली, रिक्षात बसली आणि म्हणाली, "मी हजार रुपये देऊन परत एकदा गप्प बसून आले." परत तिकडे गेलो नाही. खरं म्हणजे त्यानंतर तिने महिना-दीड महिना विषयच काढला नाही आणि मी पण काढला नाही, माझं काम एवढंच होतं की दुसरी दोन-तीन नावं शोधून, फी किती, ऑनलाइन आहे का, शनिवारी असतात का, हे सगळं एका कागदावर लिहून तिच्या टेबलच्या ड्रॉवरमध्ये ठेवणं. ठेवलंय एवढंच सांगितलं. तिने तिचं तिने कधीतरी फोन केला.

या दुसऱ्या बाई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं, ते आहे का हे सरळ विचारता येतं, आणि चांगली माणसं विचारल्यावर रागावत नाहीत.) त्यांनी म्हणे कित्येक सेशन मामाचा विषयच काढला नाही. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, अंगात कुठे जड वाटतं, घाबरायला झालं तर पाय जमिनीला कसे टेकवायचे आणि खोलीतल्या पाच वस्तू मोजायच्या, असं काय काय. बायको पहिल्यांदा वैतागली, म्हणाली योगाचा क्लास लावलाय का मी. पण त्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती की इथे काय बोलायचं आणि कधी थांबायचं ते तुम्ही ठरवायचं, मी विचारलं तरी उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. त्यावर ती टिकली.

दाताचं सांगतो. हिची एक दाढ किडलेली होती, वर्षानुवर्षं लवंग लावून आणि गोळ्या खाऊन काढायची, डेंटिस्टचं नाव काढलं की चिडायची, मला वाटायचं खर्चाला घाबरते किंवा इंजेक्शनला. तर ते तसं नव्हतंच. मागे रेललेली खुर्ची, वर वाकलेला माणूस, तोंड उघडं आणि बोलता येत नाही. हे ऐकल्यावर मला एकदम आमच्या सगळ्या संसारातल्या छोट्या छोट्या गोष्टी आठवत गेल्या, दार आतून लावून झोपणं, मागून आवाज न देता आलं की दचकणं, तंबाखू-चुन्याचा वास आला की एसटीत सीट बदलणं. काउन्सेलर बाईंनी सुचवलं की डेंटिस्टला सगळं सांगायची गरज नाही, फक्त सांगा की मला त्रास होतो, खुर्ची पूर्ण आडवी करू नका, करण्याआधी काय करताय ते सांगा आणि मी डावा हात वर केला की थांबा. मी अपॉइंटमेंट घेताना फोनवर हे सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या ठीक आहे की, त्यात काय. रूट कॅनल झालं. मध्ये हात वर गेला आणि प्रत्येक वेळी त्या थांबल्या. बाहेर आल्यावर हिने आधी उसाचा रस मागितला, अर्धं तोंड बधिर, निम्मा ड्रेसवर.

"मला वाटायचं हे फक्त माझ्याच बाबतीत झालंय" असं ती एकदा म्हणाली तेव्हा मी जरा शोधलं. केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास काढला होता, १३ राज्यं, त्यात महाराष्ट्र पण आणि गोवा पण, १२,४४७ मुलांशी बोलले. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास झालेल्यांत मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्तच होते. त्रास देणारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले. बहुतेक मुलांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. हे वाचून माझ्या डोक्यात शाळेतल्या आमच्या वर्गाचे बाक आले, सत्तर पोरं. बायकोला आकडे सांगितले तर तिने मान हलवली आणि म्हणाली मग सगळे एवढे नॉर्मल कसे दिसतात. मग स्वतःच हसली, म्हणाली, मी पण दिसतेच की.

तक्रारीचं. हा विषय पण तिनेच काढला, मी नाही. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, सल्ला फुकट आणि गरज पडली तर वकील पण मिळतो, हे विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातच आहे पण फारसं कुणाला माहीत नसतं. तिथून एका वकीलबाईंकडे पाठवलं. मी शेजारी बसलो, बोलली ती. वकीलबाईंना नेमकं काय घडलं ते कळणं भाग होतं कारण त्यावर कलम ठरतं, आणि ही गप्प झाली. बाईंनी मग एका कोऱ्या कागदावर चार-पाच ओळी लिहिल्या, कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, बोलायचं नसेल तर नुसती खूण करा. हिने पेन घेतलं, खुणा केल्या, कागद उलटा करून परत दिला. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो होतो.

कायद्याचं मला समजलं ते असं. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला आणि तो मागे जाऊन लागत नाही. हिचं सगळं नव्वदच्या दशकातलं, म्हणजे तेव्हाची भारतीय दंड संहिता. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली तरी जुन्या गुन्ह्याला जुनीच कलमं. आता गोम अशी की तेव्हाच्या ३७५ कलमात बलात्काराची व्याख्या फार अरुंद होती, ती रुंद झाली २०१३ च्या दुरुस्तीत. त्या व्याख्येत बसलं तर मुदतीचा प्रश्न नाही, कधीही तक्रार करता येते. पण बाकीचं बरंचसं ३५४ मध्ये जायचं, म्हणजे विनयभंग, आणि त्याला तेव्हा शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षं, आणि एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घ्यायची मुदत ३ वर्षं. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीने बाराव्या वर्षाच्या आत पोलीस स्टेशन गाठायचं. न्यायासाठी गरज वाटली तर उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण तो कोर्टाचा अधिकार, आपला हक्क नाही. २०१८ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार कुठल्याही वयात करता येते, तिथे वयाची अट नाही, पण ते पोक्सोच्या संदर्भात. वकीलबाई म्हणाल्या अशक्य नाही, अवघड आहे, आणि अवघड म्हणजे काय ते पण सांगितलं. साक्षीदार कोण, आई बोलेल का, उलटतपासणीत काय काय विचारतील. घाबरवत नव्हत्या, खरं सांगत होत्या. बाहेर आल्यावर ही म्हणाली बरं वाटलं, आतापर्यंत मला वाटायचं मी भित्री आहे म्हणून नाही केलं, आता कळलं दारच एवढुसं ठेवलेलं होतं.

माझी एक वेगळीच भीती होती ती मी विचारून घेतली. पोक्सोच्या १९ कलमात असं आहे की मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाही कळवलं तर शिक्षा. मग मला कळलंय, मी गप्प आहे, माझं काय? वकीलबाई म्हणाल्या ते पोक्सोखालच्या गुन्ह्यांना आहे, तुमच्या मिसेसचं त्याच्या आधीचं, तिथे निर्णय त्यांचा. पण आज त्या माणसाच्या आसपास एखादं मूल आहे आणि त्याच्याबद्दल तुम्हाला काही कळलं, तर तिथे तुमचा निर्णय वगैरे काही नाही, कळवायचंच. पोलीस नाहीतर १०९८, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन.

आणि मूल होतं. मामाच्या घरात मामेभाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी, आमच्या मुलीपेक्षा वर्षाने लहान. आतापर्यंत सगळं "तिच्या गतीने, तिच्या इच्छेने" असं नीट चाललं होतं, मी पण स्वतःला शहाणा समजत होतो, आणि इथे ते सगळं अडलं. तिची गती हळू, आणि ती पोरगी रोज त्या घरात. मी आठवडाभर नुसता अस्वस्थ. तिला ढकलायचं नव्हतं आणि गप्प पण बसवत नव्हतं. शेवटी म्हणलं, मला त्या पोरीचं सारखं मनात येतंय, तुला घाई करत नाहीये पण मनात येतंय ते लपवत पण नाही. ती म्हणाली, "मला काय येत नसेल? मी रोज तेच करते, फोन हातात घेते आणि ठेवते." मी विचारलं तुझं नाव न घेता मी बोलू का वहिनीशी. नाही म्हणाली, ती विचारणार तुम्हाला कसं माहीत, मग काय सांगशील. मीच बोलते.

बोलली. दुपारची वेळ गाठून, मामा झोपलेला असतो तेव्हा. मी आतल्या खोलीत पोरीला घेऊन चित्रं काढत बसलो होतो पण आवाज येत होता. हिने फार काही सांगितलं नाही, एवढंच की वहिनी, मला लहानपणी मामांकडून त्रास झालाय, कसला ते तुम्हाला समजलं असेल, तुमच्या मुलीला त्यांच्याजवळ एकटीला ठेवू नका. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग ही "हं... हं..." करायला लागली. नंतर कळलं वहिनी काय म्हणाली ते. "ताई, मी तिला एकटं सोडतच न्हाई त्यांच्यापाशी. का ते मला बी सांगता येत नव्हतं." धुण्याला जाताना सुद्धा मुलीला बरोबर घेऊन जायची म्हणे, सासू चिडायची, पोरगी काय कुक्कुलं बाळ आहे का. विश्वास बसला का नाही हा प्रश्नच आला नाही. हिने काउन्सेलरला विचारून मग वहिनीला सांगितलं की मुलीशी कसं बोलायचं, अंगाला हात लावण्याबद्दल, नको असेल तर ओरडायचं, आणि सिक्रेट ठेवायला सांगणाऱ्याचं सिक्रेट ठेवायचं नाही, आणि १०९८ चा अर्थ काय. मुलीला काही झालेलं नव्हतं असं वहिनी म्हणाली, मुलीशी बोलून म्हणाली. पुढच्या जूनला मामेभावाने तालुक्याच्या गावी खोली घेतली, मुलीच्या शाळेचं कारण सांगून. भावाला कितपत माहीत आहे ते आम्हाला माहीत नाही.

सासूबाईंना सांगायचं तिने शेवटी ठेवलं होतं आणि माझ्या मते ते बरोबर होतं. काउन्सेलर बाईंनी तिच्याकडून आधी तयारी करून घेतली, की आई काय काय म्हणू शकेल आणि प्रत्येकावर तू काय करशील, उठून जाशील का, रडशील का, आणि आई मान्य करेल ही आशा धरून जाऊ नकोस. गेलो साताऱ्याला. मला तिने बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं होतं, पोरगी माझ्या आईकडे. आत सुरुवातीला आवाज नव्हता. मग सासूबाईंचा, "आता हे कशाला उकरून काढतीस? माणूस म्हातारा झाला." मग, "तू तेव्हा बोलली नाहीस मला काही." ही म्हणाली, "बोलले होते आई. माजघरात. तू शेंगा फोडत होतीस." आणि त्यावर काहीच उत्तर नाही. आम्ही तासाभरात निघालो, सासूबाई दारापर्यंत आल्या नाहीत, पण निघताना डबा भरून ठेवलेला होता ओट्यावर, नेहमीसारखा, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू. ही म्हणाली घे, लाडूंचा काय दोष.

त्यानंतर बरेच दिवस मायलेकींचं बोलणं फक्त नातीच्या अभ्यासावरून. दिवाळी आली. भाऊबीजेला मामा दरवर्षी साताऱ्याला बहिणीकडे यायचा, चुकवायचा नाही. त्या वर्षी सासूबाईंनी त्याला कळवलं की माझे गुडघे दुखतायत, मी काही करणार नाही, येऊ नको. गुडघे त्यांचे दहा वर्षांपासून दुखतायत. ही गोष्ट पण त्यांनी हिला सांगितली नाही, मावशीकडून कळली. त्याला माफी म्हणायची, पश्चात्ताप म्हणायचा की नुसता पेच टाळला म्हणायचं, मला ठरवता येत नाही. बायको म्हणाली, मला "हो, तू सांगितलं होतंस" एवढं तिच्या तोंडून ऐकायचंय. ते अजून ऐकायला मिळालेलं नाही.

मग मावसभावाचं लग्न. ही म्हणाली मी जाणार, माझा भाऊ आहे, त्याच्यामुळे मी का घरी बसू. ठरवून गेलो, गाडी हॉलच्या गेटजवळ तोंड बाहेर करून लावलेली, चावी तिच्याकडे पण एक, आणि तिने "डोकं दुखतंय" म्हणलं की जेवणाच्या ताटावरून पण उठायचं असं ठरलेलं. पोरीची जबाबदारी पूर्ण माझी, बाथरूमला पण मीच बाहेर उभा. आणि झालं तेच. अक्षता पडल्या, सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करत होते, मावशीने हिला धरलं, मामांच्या पाया पड की गं, किती दिवसांनी भेटलीस. ही सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "नाही मावशी, मी नाही पडत." आवाज चढवून नाही. मावशीने मग मोर्चा आमच्या पोरीकडे वळवला, तर ती म्हणाली, "आमच्या घरी कंपल्सरी नसतं." हे खरंय, तो नियम आम्ही त्या वर्षी केला, कुणाच्याही पाया पडणं, मिठी मारणं, पापा देणं, मनात असेल तर. माझे वडील यावरून अजून कुरकुरतात. मामा गुलाबाचं फूल हातात घेऊन उभा होता, मग दुसरीकडे बघायला लागला. ही डोकं दुखतंय म्हणाली नाही, जेवली, मठ्ठा दोनदा घेतला.

घरी आल्यावर पोरीला अल्बम बघायचा होता, तुमच्या लग्नात पण एवढी माणसं होती का. आपल्याकडे नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, त्यामुळे आमच्या लग्नाच्या सगळ्यात चांगल्या फोटोत तो आहे, तिच्या दंडाला धरून. मी पान पटकन उलटायला गेलो. ती म्हणाली राहू दे, माझा फोटो छान आलाय त्यात.

आता मामाला पॅरालिसिसचा ॲटॅक आलाय, मिरजेला हॉस्पिटलमध्ये होता, आता घरी आणलाय. नातेवाईकांचे फोन सुरू झालेत, शेवटचं बघून जा, तुझी सारखी आठवण काढतात, झालं गेलं विसरून जा, आणि हे शेवटचं म्हणणाऱ्यांना काय झालं होतं ते माहीत आहे की नाही तेच कळत नाही. सासूबाई जाऊन आल्या, हिला चल म्हणाल्या नाहीत. तिने मला सांगितलंय की हे फोन तू घे, मला ऑफिसमध्ये जमत नाही. तर मी घेतो. तिला यायचं नाही, एवढं सांगतो. का यायचं नाही असं कुणी विचारलं तर तिलाच विचारा असं सांगायचं, हे पण तिनेच ठरवून दिलंय. अजून एकानेही विचारलेलं नाही.